वेणी साहेबांची होती

"आधी कोकरू घ्या, ते भाड्यानं आणलंय," जाहिरातवाल्या मॅडम म्हणाल्या.

एका माणसानं माझ्या मांडीवरचं कोकरू मानेला धरून उचललं. मग मॅडमनी माझ्या खांद्यावरची शाल ओढली. ती शाल त्यांनीच सकाळी माझ्या पदराला टाचली होती, फोटोत घसरू नये म्हणून. टाचणी काढायचं त्यांच्या ध्यानात राहिलं नाही. शालीबरोबर पदर आला. भर सभागृहात माझं डोकं उघडं पडलं, खांदा उघडा पडला. चोळी जुनी होती, काखेत उसवलेली. मागं कुणीतरी हसलं.

मी पदर ओढून घेतला. टाचणीनं लुगडं टर्रकन फाटलं.

"उठा आजी. ही रांग पाहुण्यांची आहे."

मी उठले. माझे गुडघे गेलेत, खोल सोफ्यावरून उठायला वेळ लागतो. कुणी हात दिला नाही. तेवढ्यात अकादमीचे साहेब माईकजवळ पोचले. त्यांच्या मागं मोठ्या पडद्यावर माझी नात काजल अजून दिसत होती. परक्या देशातल्या मैदानावर, वाळूच्या कडेला, गुडघ्यात डोकं घालून बसलेली.

साहेब म्हणाले, "मित्रहो, उडी चांगलीच होती. पण मोजली कुठून? वेणी टेकली तिथून. आता काय बोलणार! या मंडळींचे नवस असतात. केस कापायचे नाहीत, बांधायचे नाहीत. आम्ही सांगून सांगून थकलो. कितीही वर काढा, शेवटी मेंढरं ती मेंढरंच."

लोक हसले. काहींनी टाळ्या वाजवल्या.

साहेब खोटं बोलत होते.

मी सांगोल्याकडची. लहानपणी मेंढरांमागं फिरले. चौथीपर्यंत शाळा झाली. लग्नानंतर एका दुष्काळात मेंढरं विकली आणि आम्ही सोलापूरला आलो. त्याला जमाना झाला. चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मी दोरे कापायचं काम केलं, डोळे अधू होईपर्यंत केलं. कुंभारीला एक खोली आहे. माझ्या घरात घोंगडं नाही. गोधड्या आहेत आणि कारखान्यातले डाग पडलेले टॉवेल आहेत.

काजलचा बाप म्हणजे माझा मुलगा. ट्रकवर होता, विजापूरच्या वाटेवर अपघातात गेला. तिच्या आईनं दुसरं घर केलं. मी तिला बोल लावत नाही, वय होतं तिचं. पोर माझ्याजवळ राहिली.

शाळेत असताना ती उड्या मारायला लागली. तिहेरी उडी. मला काही कळेना, म्हणून तिनं खोल्यांमागच्या मोकळ्या जागेत करून दाखवली. पळत यायचं, फळीवर पाय द्यायचा, त्याच पायावर एक लंगडी, मग दुसऱ्या पायावर ढांग, मग वाळूत उडी.

"ही तर लंगडीच की," मी म्हटलं.

"व्हय आज्जे. पर फळीच्या पुढं बोट गेलं की बाद. अन् वाळूत जे सगळ्यात मागं टेकल, तितनं मोजत्यात. हात टेकला तर हातापासनं."

"अन् बुड टेकलं तर?"

"तर बुडापासनं."

"मग माझी उडी उलटीच मोजतील."

लई हसली. तेव्हा तिला हसायला येत होतं.

शहरात एका साहेबांची अकादमी होती. साहेब कारखानदार, खेळाच्या संघटनेत मोठे. त्यांनी काजलला होस्टेलवर ठेवलं. जेवण, बूट, शिकवायला सर, सगळं त्यांचं. केलं ते खोटं नाही. पण केलेलं रोज बोलून दाखवायचे. मी भेटायला गेले की गेटवरचा माणूस आत ओरडून सांगायचा, "ती मेंढक्याची म्हातारी आलीया." मग मी झाडाखाली बसायची. ऑफिसात खुर्च्या रिकाम्या असायच्या.

काजलचे केस दाट, कमरेच्या खाली येणारे. नवस-बिवस काही नव्हता. चांगले आले म्हणून ठेवले, एवढंच. मैदानावर ती अंबाडा घालायची. नंतर त्याचाही तिला वैताग आला.

"आज्जे, मानेवर कापते. घामानं डोकं सडतंय."

"काप की. डोकं तुझं."

एवढं साधं होतं. पण त्याच सुमाराला तिला देशपातळीवर पदक मिळालं आणि साहेबांनी पुण्याहून मॅडमना आणलं. मॅडम जाहिरातीचं बघायच्या. कधी वाकडं बोलायच्या नाहीत, गोडच बोलायच्या. त्यांनी काजलची वेणी हातात घेऊन बघितली, जशी बाजारात शेळीची कास बघतात तशी. म्हणाल्या, "ही कापायची नाही हं. हीच तर स्टोरी आहे."

मग फोटो काढले. काजल उडी मारतेय आणि वेणी पाठीमागं हवेत, तिला पिवळी रिबीन. मला पण बोलावलं. घोंगडं आणलं होतं, काठी आणली होती. माझ्या कपाळाला भंडारा फासला. मी म्हटलं, "आमची मेंढरं जाऊन लई वर्सं झाली बाई."

"फक्त फोटोपुरतं, आजी."

सात रस्त्याच्या चौकात मोठा बोर्ड लागला. वर काजल, कोपऱ्यात काठी घेतलेली मी, खाली साहेबांच्या टॉवेलचं नाव. मी शेजारच्या पद्माला घेऊन बघायला गेले. पद्मा तेलुगू, तिचं सगळं घर यंत्रमागावर. बोर्डाकडं बघून ती म्हणाली, "काजलनं मेंढरू कधी बघितलं गं?"

"बघितलंय की. ताटात."

तिथं रस्त्यावर आम्ही दोघी हसलो. घरी आल्यावर मला हसू आलं नाही.

काजलला शिकवणारे सर चांगले होते, पण घाबरट. एकदा मी अकादमीत असताना त्यांनी धीर करून साहेबांना विचारलं, "साहेब, वेणीचा त्रास होतोय. वाळूत उतरताना मागं आपटते. कापू द्या, नाहीतर अंबाडा तरी घालू द्या."

साहेब म्हणाले, "सर, तुम्ही उडी बघा. बाकीचं आम्ही बघतो. वेणी काढली तर तिच्यात बघायचं काय राहिलं? काळी काटकुळी पोर."

काजल तिथंच उभी होती. मी पण उभी होते. गोठ्यात उभं राहून बोलावं तसं ते आमच्यासमोर बोलले. काजल आपल्या बुटांकडं बघत राहिली. सर मैदानाकडं निघून गेले. मीही ऐकून घेतलं. पोरीचं अंथरूण त्यांच्या छताखाली होतं.

पुढं तिची निवड झाली. देशोदेशीच्या पोरी येणार होत्या अशी मोठी स्पर्धा. ती विमानानं गेली. सर गेले नाहीत, तिकडं संघाचे दुसरे लोक होते. स्पर्धेच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला.

"आज्जे, उद्या अंबाडा घालू का गं?"

"घाल की. मला काय इचारतीस?"

"मॅडमचा फोन आलता. टीव्हीवर वेणी दिसली पायजे म्हंत्यात. न्हाय दिसली तर आल्यावर बघू म्हंत्यात."

"बघू म्हंजे?"

"तुला ठाव हाय की."

मला ठाऊक होतं, होस्टेलबाहेर काढतील. मी म्हटलं, "तू उडी मार. बाकी माझ्यावर सोड." माझ्या हातात काय होतं ते मलाही माहीत नव्हतं. पण म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांची गाडी कुंभारीला आली. मला सभागृहात नेलं. मोठा पडदा, टीव्हीवाले, शाळेची पोरं, हारतुरे. पुन्हा घोंगडं, ते मांडीवर पसरलेलं, पुन्हा भंडारा. वर शाल, कारण आजीचा सत्कार. घोंगड्यावर कोकरू. ते भिऊन थरथरत होतं, शेवटी माझ्या मांडीवर मुतलं. मी उठायला लागले तर मॅडम म्हणाल्या, "राहू द्या आजी, नॅचरल वाटतं."

मी तशीच बसले. ओल्या लुगड्यात.

सर माझ्या मागच्या रांगेत होते. ते वाकून मला सांगत होते. तीन उड्या मिळणार. त्यातून वरच्या आठ जणी पुढं राहणार, बाकीच्या बाहेर. आठात आली तर आणखी तीन उड्या.

पहिलीला काजलचं बोट फळीच्या पुढं गेलं. लाल झेंडा. दुसरी तिनं जपून मारली, तोकडी झाली. सभागृह चुळबुळ करायला लागलं. साहेब मोबाईल बघायला लागले.

तिसरी. फळीवर पाय बरोबर पडला. लंगडी लांब गेली. ढांग त्याहून लांब. मग ती वर गेली आणि वेणी तिच्यामागं वर गेली, पिवळ्या रिबिनीसकट, बोर्डावर होती अगदी तशी. पाय पुढं टाकून ती उतरली, बुड पुढं सरकवलं, उठून पळत बाहेर आली. पांढरा झेंडा. लोक उभे राहिले. साहेबांनी माझा हात धरून वर केला. फोटो निघाले.

मग आकडा आला. आकडा लहान होता. कुणाला काही कळेना. काजल पंचांना वाळूकडं बोट करून विचारत होती. मग पडद्यावर तीच उडी सावकाश दाखवली. ती उतरली ती बरोबरच उतरली होती. पण तिच्या मागं वेणी वाळूवर आपटली होती. वाळूत चाबकाच्या वळासारखी रेघ. तिथून मोजलं होतं. चार बोटं कमी पडली आणि पोर नववी झाली.

त्या सभागृहात साहेबांना, मॅडमना, सरांना आणि मला, चौघांनाच ठाऊक होतं की ती वेणी तिथं का होती. आणि माईक साहेबांच्या हातात होता.

तेव्हाच ते कोकरू उचललं, शाल ओढली, आणि मेंढरं म्हणून झालं.

त्यानंतर मला स्टेजमागच्या खोलीत नेलं. जिंकल्यावर द्यायचे पुष्पगुच्छ तिथं बादलीत ठेवले होते. साहेब आले. आता त्यांचा आवाज मऊ होता.

"आजी, बसा. चहा घ्या. बाहेर पत्रकार थांबलेत. मी म्हणालो तेच तुम्ही म्हणायचं. नवस माझा होता, चूक माझी झाली. बस्स, एवढंच."

"नवस न्हवताच की."

"तुमच्यात असतात ना पण?"

"असत्यात. तुमच्यातबी असत्यात."

मॅडम माझ्या शेजारी बसल्या. "आजी, हे काजलसाठीच आहे. लोक म्हाताऱ्या माणसाला माफ करतात. तिच्यावर आलं तर ती संपेल. आणि साहेबांवर आलं तर अकादमी संपेल, कितीतरी मुली आहेत तिथं."

साहेब म्हणाले, "तुम्ही म्हणालात तर काजलची खोली आहे तशी राहील. नाही म्हणालात तर तिची ट्रंक उद्या गेटबाहेर. मग या जिल्ह्यात तिला कोण मैदान देतं ते मी बघतो."

सर भिंतीला टेकून उभे होते. मी त्यांना विचारलं, "सर, तुमीच सांगा. वेणी कुणी ठेवाय लावली?"

सर माझ्याकडं बघेनात. "आजी, म्हणून टाका. मलाही लेकरं आहेत."

चहा मी प्यायले. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

आणि मी विचार केला. तिथं बसून खराच केला. एक वाक्य म्हणायचं होतं. कारखान्यात सुपरवायझर दुसऱ्याचा खराब माल माझ्या ढिगात टाकायचा आणि शेटजीपुढं विचारायचा, "तुझाच ना?" मी व्हय म्हणायची. नवऱ्याच्या हयातीत त्याच्या चुका माझ्याच. तिथंही व्हय म्हणायची. सवय होती. सवयीनं तोंडात व्हय आलाही होता. पण ते सगळं माझ्यापुरतं होतं. हा व्हय काजलच्या उडीवर जाऊन बसणार होता. तिनं आयुष्यात मारलेली सगळ्यात लांब उडी, आणि तिचं नाव घेतलं की लोक म्हणणार, तीच ना, आजीच्या नवसानं हुकलेली. तिच्या घामाला माझ्या अडाणीपणाचा शिक्का. तोही खोटा.

मला बाहेर नेलं. जाता जाता मॅडमनी ते घोंगडं आणून माझ्या खांद्यावर टाकलं. ओलं होतं, मुताचा वास येत होता. कॅमेऱ्यांसमोर आल्यावर मी ते खाली टाकलं.

मी म्हटलं, "आमच्यात केसाचा कसलाबी नवस न्हाय. पोरीला केस कापायचं हुतं. ह्या सायबांनी कापू दिलं न्हाय, त्यांच्या टावेलच्या जाहिरातीसाठी. बांधूबी दिलं न्हाय. वेणी सायबाची हुती. उडी माझ्या नातीची हुती."

मग एका पत्रकारानं विचारलं, "आजी, पुरावा काय?"

"सात रस्त्याला जा. केवढा मोठा लावलाय."

एक-दोघं हसले. साहेब हात जोडून पुढं आले. "धक्का बसलाय त्यांना. वय झालंय. समजून घ्या." माईक बंद झाला. कुणीतरी माझं कोपर धरून मला मागच्या जिन्यानं खाली सोडलं. सकाळची गाडी आता नव्हती. मी ओल्या, फाटक्या लुगड्यात बस स्टॉपपर्यंत चालत गेले. बसमध्ये शेजारची बाई नाकाला पदर लावून लांब सरकली.

दुसऱ्या दिवशी मी टीव्हीवर दिसले. आवाज काढून टाकला होता. पदर पडतो तेवढंच पुन्हा पुन्हा दाखवत होते. खाली पट्टी पळत होती, आजीचा नवस नातीच्या आड आला. आमच्या खोल्यांतल्या बायका दारात यायला लागल्या. "खरंच नवस बोलला हुता का वो आज्जी?" रोज ज्यांच्याबरोबर मी नळावर भांडते त्या बायका. पद्मानं एकीला तेलुगूत अशी काही शिवी दिली की ती पुन्हा आली नाही. बाकीच्या येत राहिल्या.

ट्रंक खरंच गेटबाहेर होती. साहेब शब्दाला पक्के. वर गादी टाकलेली, तिच्यावर कुत्रं बसलेलं. मी कुत्र्याला हाकललं. रिक्षात चढवताना सर आतून आले आणि ट्रंकेला हात लावला. मी म्हटलं, "ठिवा सर. नोकरी जाईल तुमची." त्यांनी हात काढला.

काजल आली तेव्हा डोक्यावर लांब केस नव्हते. तिकडंच खोलीत कापले, दुसऱ्या देशाच्या एका पोरीकडून कात्री मागून. वाकडेतिकडे, मागं कातडं दिसत होतं. खोलीत कोपऱ्यात ट्रंक बघितली आणि ती माझ्यावरच ओरडली.

"म्हणायचं हुतंस की! एक वाक्य! तुझं काय जाणार हुतं गं? तुला कोण वळखतंय?"

"माझं काय न्हाय."

"मग? मी आता कुटं जाऊ? कुटं मारू उड्या? तुझ्या डोक्यावर?"

"तुझी उडी खोटी पडली असती, काजे."

"पडूदे की! पडलीच की! नववी आले मी!"

"नववी आलीस ती वेणीनं. ती कुणी ठिवली ते आता सांगून झालंय. मी व्हय म्हटलं असतं तर त्यानं तुला परत तीच वेणी वाढवाय लावली असती. अन् तू वाढवली असतीस."

तिनं हातातला तांब्या भिंतीवर मारला. पोचा अजून आहे. त्यानंतर बरेच दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मी केलेलं जेवली, पण बोलली नाही. मी पण मनधरणी केली नाही. माझी कुणी केली होती?

साहेबांनी बाकीचंही खरं करून दाखवलं. शाळांनी मैदान दिलं नाही. शहरातल्या मैदानावर गेली तर वॉचमन म्हणाला, परवानगी आणा. परवानगी कुणाची, तर संघटनेची. संघटना कुणाची ते सांगायला नको. आता काजल दिवसा एमआयडीसीत टॉवेलचे दोरे कापते. मी करायची तेच काम. सात रस्त्याचा बोर्ड बदलला. नवी पोर आहे, गोरी आहे, तिच्या हातात विटा वाहायची पाटी दिलीय, वीटभट्टीवरची पोर म्हणे.

सकाळी कामाच्या आधी काजल खोल्यांमागं उड्या मारते. तिथं आम्ही खड्डा खणलाय, त्यात बांधकामाची उरलेली वाळू टाकलीय. वाळूत खडे आहेत. मांड्या सोलून निघतात. ती पुन्हा कधी मोठ्या स्पर्धेला जाईल असं मला वाटत नाही. खोटी आशा मी तिला लावत नाही. तीही विचारत नाही. ती उडी मारते, मी जिथं खूण उठली तिथं काठी ठेवते, ती बघते आणि परत मागं जाते.

मागच्या महिन्यात मॅडमचा माणूस आला होता. साहेब मोठ्या मनाचे आहेत म्हणाला, झालं गेलं विसरायला तयार आहेत. काजलनं येऊन पाया पडावं आणि आजीनं गप्प राहावं. मी त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. त्याला दारातच सांगितलं, आमची खोली, आमचं तोंड, आमची जात आणि आमचं म्हातारपण, यातलं काहीही आता फोटोला मिळणार नाही. पोरीला मैदान हवं तर ते मी मागायला जाईन, भीक म्हणून नाही जाणार, आणि दिलं नाही तर साहेबांच्या गेटवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हे सगळं सांगेन. पहिल्यापासून. नाव घेऊन. माझ्याकडून घ्यायला आता त्यांच्याजवळ काही राहिलेलं नाही, म्हणून मी त्यांना भीत नाही. तो म्हणाला, "आजी, किती दिवस सांगाल?" मी म्हटलं, "हाय तवर."

तो गेला. मी जाऊन मैदान मागितलं, दिलं नाही. सोमवारपासून मी अकादमीच्या गेटवर बसते आहे.

हे सोलापुरात झालं. मी काजलची आजी. हे माझ्यावर गुदरलं.